एकही हाड मोडणार नाही

काल आंब्याची पेटी उघडली आणि कार्बाइडचा उग्र वास नाकात शिरला. आंबे तसेच ठेवून मी बसून राहिले. हा वास उकवा गावातल्या आमच्या ओसरीतला. बाबा मँगनीजच्या खाणीत होते. कामावर निघताना ते कार्बाइडचा दिवा पेटवून बघायचे, आणि आई दारात उभी राहून बायबलमधल्या स्तोत्रातली एक ओळ म्हणायची. देव त्याची सगळी हाडं राखतो, एकही मोडत नाही.

एका रविवारी बालाघाटहून पाळकसाहेब आले. आईनं मोठ्या कौतुकानं त्यांना हे सांगितलं.

ते मायेनंच म्हणाले, "बाई, ती ओळ आपल्यासाठी नाही. दावीद राजानं येणाऱ्या मसीहाबद्दल आधीच लिहून ठेवलं होतं. शिपायांनी शेजारच्या क्रुसांवरच्या दोघांचे पाय मोडले, प्रभूचे नाही. तिथंच ते भाकीत पूर्ण झालं."

"पुरं झालं?" आईनं चहाची बशी खाली ठेवली आणि बाबांच्या दिव्याकडे पाहिलं. "मंग यायची हाडं कोन सांभाळते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दिवा पेटवून दारात थांबले.

"काहून वं, आज काही म्हनत नाई?"

"जा आता. भोंगा वाजून राह्यला."

संध्याकाळी ते धडधाकट परतले. अंगावरची काळी भुकटी झटकत आईनं त्यांच्या खांद्यांपासून घोट्यांपर्यंत हात फिरवला. मग रोजच फिरवू लागली. मला वाटायचं, किती हा जीव नवऱ्यावर!

ती हाडं चाचपत होती.