मुकादमाच्या डोक्यातली वाटणी

खलाशांच्या टोळीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. आम्ही जहाजावरचे खलाशी नव्हे; आमचं काम जड मशिनरी दोर, पहारी आणि रूळ लावून हलवायची. ती तासाला चार हात सरकली तर नशीब. तेवढ्या वेळात माणूस तोंड मिटून बसणार आहे होय? हल्लीची क्रेनवाली पोरं फार मागे लागली म्हणून लिहितोय. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा चुका काढत बसू नका.

पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. पिंपरीच्या माळावर कारखाने उठत होते. आमचा मुकादम शिवराम, निघोज्याचा. तो ओळ गायचा आणि आम्ही चौदा जण "हैशा!" म्हणून दोर ओढायचो. एका सकाळी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा, वाचा गेली. शब्द एकच उरला.

डॉक्टरांनी पेन दाखवलं. "हे काय?"

"मुडद्या!"

घड्याळ दाखवलं. "मुडद्या!"

मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

"मुडद्या!"

डॉक्टर म्हणाले, "कुणालाच ओळखत नाहीत वाटतं."

मी म्हटलं, "न्हाई, मला वळखलं. मला पहिल्यापास्नं हेच म्हनतो!"

* * *

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात झाडायला त्याची लोखंडी खाट सरकवायची होती. मी एका बाजूला, आमच्या टोळीतला बापू दुसऱ्या बाजूला. सवयीनं तोंडातून "हैशा" गेलं. आणि खाटेवरून खणखणीत आवाज आला,

"वर डोंगर, खाली वढा...
येका जोरानं दोर वढा!"

सगळे शब्द स्वच्छ! वॉर्डातली माणसं उठून बसली. त्याची बायको सोनाबाई मात्र भडकली. "आठ दिस झालं, मला येक शबूद न्हाई. आन् खाट हालली की गानं!"

* * *

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूचे दोन भाग. बोलणं बहुतेक डाव्या भागाकडे, उजवा हातही त्याच्याकडेच. तो भाग दुखावला. गाण्याचं बरंचसं काम उजवा भाग बघतो, तो शाबूत आहे.

बापू म्हणाला, "डोक्यात बी वाटनी? मधी बांध घातलाय का?"

"आहे, पण त्यावरून पाऊलवाट जाते."

"मग आमच्या भावकीपेक्षा बरं हाय की!"

* * *

सोनाबाई हुशार. घरी नेल्यावर ती त्याच चालीत विचारायची, "भाकर वाढू, का पिठलं वाढू?" तो म्हणायचा, "हैशा!" पिठलं संपलं तरी "हैशा!"

तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात. "सोनाबाई, खोली सोडताय व्हय? रोज काय वढताय?"

तसं खरंच होणार होतं. नोकरी गेली की कंपनीची खोलीही जाणार होती.

* * *

कंपनीच्या साहेबानं काठी टेकत कामावर आलेल्या शिवरामला विचारलं, "तुझं नाव काय?"

शिवराम ओठ हलवत राहिला. नाव येईना.

बापू म्हणाला, "साहेब, त्यो गातो."

"गातो ते ठीक. मशीनखाली कुणाचा पाय सापडला तर 'थांबा' कोण ओरडणार? याला ते म्हणता येत नाही. मुकादमी बंद."

साहेब आम्हाला कधी आवडला नाही, पण बोलला ते खरं होतं. मी म्हटलं, "एकदा काम बघा, मग नाव कापा."

मोठं लेथ मशीन रुळांवर होतं. शिवरामनं डावा हात वर केला, ओळ उचलली. "हैशा!" मशीन सरकलं. पुन्हा "हैशा!" पुन्हा सरकलं.

साहेब मधेच ओरडला, "आता थांबव यांना!"

शिवरामनं तोंड मिटलं.

चौदा माणसं जागच्या जागी. दोर ढिला.

साहेब आमच्याकडे बघत राहिला. "का थांबलात? तो तर काहीच बोलला नाही."

आम्ही शिवरामच्या तोंडाकडे बघत होतो.

"बरं, चला."

कुणी हललं नाही.

"चला म्हणतोय ना!"

बापूनं तंबाखू काढली.

साहेबानं चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि शिवरामकडे वळला. "मुकादम, तुम्हीच सांगा यांना."