वरच्या मजल्यावरची पणजी

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांवर जास्त जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मस्कतला, मदिनत सुलतान काबूस या वस्तीत, नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. वरच्या मजल्यावरचे हे आयरिश गृहस्थ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात इंजिनियर होते, पण ते पोटापुरतं. खरा उद्योग पूर्वज शोधण्याचा. त्यांच्या गावाकडे वंशावळी शोधून देणारी एक संस्था होती. तिथल्या कुणा निवृत्त बाईंचं पत्र आलं की ते हे गृहस्थ उभ्यानेच वाचत. वंशवृक्षाचा कागद दिवाणखान्यात पसरला की फांद्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायच्या, त्यामुळे आम्हाला चहा द्यायचा तर त्यांना दोन आजोबा आणि एक चुलत आत्या ओलांडावी लागे. अल मवालेहच्या बाजारात ते कांद्याच्या भावाआधी भाजीवाल्याच्या आजोबांचं नाव विचारत. आमचा भाजीवाला रत्नागिरीकडचा. पहिल्यांदा तो म्हणाला, "अर्बाब, आजा जन्नतमध्ये गेला, कांदा इथे आहे. यल्ला, चला, किती देऊ?" पुढच्या खेपेला मात्र तोच आजीच्या माहेराबद्दल सांगत बसला आणि मागची सगळी गिऱ्हाइकं खोळंबली.

एवढ्या मोठ्या वृक्षावर एकच चौकोन रिकामा होता, पणजीचा. पणजोबा गोऱ्या पलटणीतला शिपाई. देवळालीच्या छावणीत असताना त्याने तिथल्याच एका बाईशी लग्न केलं. संस्थेच्या बाईंनी लग्नाच्या नोंदीची प्रत मिळवून दिली, तर तीत नाव 'मेरी'. ते लग्नाआधी चर्चमध्ये ठेवलेलं. त्याआधीचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. आणि यांच्या मुलीला उन्हाळ्यात बाळ व्हायचं होतं. मुलगी झाली तर तिला पणजीचं खरं नाव द्यायचं, असं बापलेकीचं ठरलेलं. मी नाशिकचा, देवळाली म्हणजे आमच्या दाराशी, म्हणून ही पणजी माझ्या गळ्यात पडली.

घराण्याचा अभिमान मला पहिल्यापासून हास्यास्पद वाटतो, निदान इतरांचा. आमच्या कुलमंडळाने छापलेला साडेतीन किलोचा कुलवृत्तांत मात्र मी बायकोची भाजणी बॅगेतून काढून, तिच्या जागी भरून मस्कतला आणला होता. वंशावळ म्हणजे काय ते या आयरिश माणसाला एकदा कळू दे, म्हणून एका शुक्रवारी मी तो त्यांच्यापुढे ठेवला. "पंधरा पिढ्या!" मी म्हणालो. सहज म्हणालो असं दाखवलं.

त्यांनी एका पूर्वजावर बोट ठेवलं. "यांची बायको?"

"लक्ष्मीबाई."

"यांची?"

"लक्ष्मीबाई."

"आणि या तिसऱ्यांची?"

"त्यासुद्धा लक्ष्मीबाईच."

"एकाच बाईने सगळं घराणं सांभाळलं म्हणायचं!"

मी समजावून सांगितलं, की आमच्यात लग्नात मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलतात. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो.

"आणि जुनं?"

"ते तांदळाखाली जातं," बायको म्हणाली. भाजणीचा राग अजून गेला नव्हता.

"मग तुमच्या पणजीचं खरं नाव काय?"

पंधरा पिढ्या तोंडपाठ असलेला मी पंख्याकडे पाहू लागलो. ते मायेनेच म्हणाले, "म्हणजे तुमचीही हरवलीच की. फरक एवढाच, तुम्ही छापून हरवलीत."

नाशिकच्या मावसभावाला मी दोनदा देवळालीच्या चर्चमध्ये पाठवलं. तिथेही मेरीच. हे जिन्यात सांगितलं तेव्हा ते "इन्शाल्ला" म्हणाले आणि दोन पायऱ्या चढून उगाच थांबले. त्या थांबण्यामुळेच असेल, मी घरात येऊन आईला फोन लावला.

"पन्नाशीला आलास तेव्हा पणजी आठवली होय रे?" आई म्हणाली. "माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूला माहेरी भागू म्हणायचे. एवढंच माहीत आहे बाबा."

शाळेत पहिला नंबर आल्यासारखा मी वर धावलो. त्यांनी ते नाव उभ्याने ऐकलं. मग कुलवृत्तांत मागवला, माझ्या पणजोबांच्या लक्ष्मीबाईंच्या शेजारी पेन्सिलीने एक नीटस चौकोन काढला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी 'भागू' लिहिलं. त्या साडेतीन किलोत मी घातलेली भर तेवढीच. स्वतःचा चौकोन रिकामा असताना ते माझ्यापेक्षा जास्त खूश झाले, याची मला थोडी लाजच वाटली.

जूनमध्ये त्यांची नोकरी संपली आणि ते गावी परत गेले. महिन्याभराने नातीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "नाव मेरी. खरं सापडेपर्यंत."

आता सुट्टीत नाशिकला गेलो की देवळालीला माझी एक चक्कर असते. जुन्या कबरींवरची नावं वाचतो, म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या आज्यांची माहेरची नावं विचारतो. बायको म्हणते, वरचे गेले आणि खालच्यांना लागण झाली. मी म्हणतो, मेरी अजून लहान आहे. वेळ आहे.