सुलतान बाजारातली चाचांची जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

सुलतान बाजारातला तो नवा रस्ता. गाड्या बंद, दगडी फरशी, झाडांखाली बाकं. त्या कामात मी होतो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. उदगीरच्या पोराला एवढ्या शहराचा रस्ता घडवायला मिळाला — केवढा अभिमान होता मला!

रहीमचाचा तिथे सकाळी जुनी पुस्तकं विकायचे. दुपारनंतर त्याच जागेवर एक बांगडीवाली बसायची. एक जागा, दोन घरं — बाजाराची जुनी रीत. शिकत होतो तेव्हा मला पुस्तकं विकत घेणं जमायचं नाही. चाचांनी आपल्या तरटावर बसवून वाचू दिलं. तीन वर्षं.

पुढे साहेबांबरोबर पाहणीला गेलो, तर चाचा लांबूनच ओरडले, "क्या रे मास्टर, साब हो गया? मेरेच टाट पे बैठ के पास हुआ ये!" आजूबाजूचे हसले. साहेबही हसले, मायेनंच. मला मात्र लाज वाटली. कशाची? चाचांची? की माझीच?

नव्या रस्त्यावर जागा द्यायच्या म्हणून बाजारात बसणाऱ्यांची मोजणी होती; तिच्या फॉर्मवर एका जागेला एकच नाव होतं. दुसरं कुणी बसत असेल तर शेऱ्यात लिहा, असं आम्हाला बजावलेलं होतं. मी मुद्दाम दुपारनंतर गेलो. बांगडीवालीचं नाव लिहिलं. शेरा कोरा ठेवला. विसरलो नव्हतो — खरंच नव्हतो.

नव्या रस्त्यावर जागा वाटल्या, त्यात चाचा नव्हते. ते ऑफिसच्या फाटकाशी आले. मी म्हणालो, "मैं सुबह आया था चाचा, आप नहीं थे."

"हौ रे, चाय को उठा हूँगा. मेरीच गलती. तू दिल पे नक्को ले."

आता ते पोतं खांद्यावर घेऊन नारायणगुड्यात शाळांपुढे फिरतात. बसले की उठवतात.

गेल्या आठवड्यात अंबरपेठेत मोजणीला गेलो. चाचा तिथेच राहतात. भाजीवाल्यांना गोळा करून ते समजावत होते, "जगह छोड़ के नक्को उठो. चाय को बी नक्को. मैं उठा, देखो क्या हुआ." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पूछो मास्टर को."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी मान हलवली — हो म्हणून.