गोंडपिपरीच्या गाडीतला बाप

चंद्रपूरच्या शाळेत शिकवायला मी रोज गोंडपिपरीहून एसटीने जाते. दोन वर्षं एक शेतकरी दर आठवड्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात जाताना गाडीत भेटायचा. मांडीवर ब्लड कॅन्सर झालेली लेक. तिला ऊन लागू नये म्हणून तो खिडकीवर दुपट्टा धरून बसायचा.

एकदा शेजारचा म्हातारा म्हणाला, "काऊन एवढा धावून राह्यला? पोरगी थोडीच वाचते?"

"डाक्टर म्हणते, पुरा इलाज केला तर बरी होते. मी अर्ध्यात सोडणार नाई."

परवा लेक दोन वेण्या घालून गाडीभर बोरं वाटत होती. "मॅडम, बिमारी गेली!" तो ओरडलाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दारात एक बाई आजारी लेकरू आणि त्याच दवाखान्याची चिठ्ठी घेऊन घाबरून उभी होती. त्याने तिला आपली जागा दिली.

"बसा बाई. त्या दवाखान्याचा कोपरा न् कोपरा मले माहीत आहे."