खोत, खाली बसा

माझ्या थोरल्या दिरांना वाडीत सगळे 'खोत' म्हणतात. खोती कायद्याने गेली त्याला दोन पिढ्या झाल्या, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणून मी कुत्र्याचं नाव खोत ठेवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला मी गरीब गाय वाटायला नको.

आमची दोन घरं रत्नागिरीजवळ एकाच आवारात. मध्ये चिऱ्याचा गडगा, पण रस्त्यावर जायचं बेडं, म्हणजे फाटक, दोघांना मिळून एकच. हे गेल्यापासून माझ्या घरात मी एकटी. लेक दापोलीला नोकरी करते. तिकडच्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलाच्या घरची मासेमारीची होडी. तीन वर्षांपूर्वी गणपतीत, भाऊजींच्या ओटीवर पंगत बसली असताना ते सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "हापूसच्या बागेत कोणी रायवळ लावीत नाही. लग्न कर हवं तर, पण त्याला घेऊन या बेड्यातून आत यायचं नाही." लेक भरल्या पानावरून उठली. लग्न दापोलीत झालं, मी एकटीच जाऊन आले. तेव्हापासून ती माझ्या घरी आलेली नाही.

भाऊजींना जातीचं भारी वेड. कलमं जातिवंत, बैल जातिवंत, कुत्रासुद्धा कागदपत्रांसकट आणलेला अल्सेशियन. आल्यागेल्याला चहाबरोबर त्याचे आजोबा-पणजोबा ऐकवतात. त्या कुत्र्याने आजवर दारात आलेल्या मांजरालाही हटकलेलं नाही, पण ते असो. या माणसाला मारायचं तर दुखऱ्या जागीच मारायचं, हे मला त्याच ओटीकडे बघताना सुचलं.

पालीवरून जाणारी कोल्हापूरची एसटी पकडली. तिथे एक गृहस्थ डॅशहाउंडची पिल्लं देतात असं कळलं होतं. त्यांनी एकेक पिल्लू हातावर घेऊन दाखवलं, सगळी तुकतुकीत, बुटकी, लांबुडकी. मला काही ती भावली नाहीत. कोपऱ्यात एका टोपलीत आणखी चार होती. अंग तसंच पडवळासारखं लांब, पाय तेवढेच आखूड, पण वरून सगळे कुरळे केस.

"ती नगं, बाई," ते म्हणाले. "आमची चूक झालीया ती. शेजारचा पूडल कुंपणाखालनं आला."

"मग मला चूकच दाखवा."

माणूस प्रामाणिक होता. सगळे दोष त्याने आपणहून सांगितले. पाठ लांब, म्हणून जिन्यावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, मणका जातो. केस फारसे गळत नाहीत, पण रोज विंचरले नाहीत तर गाठी होतात. कोकणातल्या दमट हवेत कान पुसून कोरडे ठेवायचे. शिवाय दोन खोडी, त्या मात्र जायच्या नाहीत: भुंकणं आणि उकरणं.

"फार उकरतो?" मी विचारलं.

"बिळातनं जनावर भाईर काढायची जात हाय आईकडनं. उकरतोय की."

"आणि भुंकणं?"

"गल्ली उठवतंय, बाई."

मला आणखी काय पाहिजे होतं? तिघं गाढ झोपली होती. चौथं माझ्या चपलेचा अंगठा चावत होतं आणि वर मलाच गुरगुरत होतं. तेच उचललं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी गडग्याजवळ उभी राहू लागले. पलीकडे भाऊजी अंगणात चहा घेत बसलेले असत. मी हाक मारी, "खोत, खाली बसा." "खोत, तिथे मुतू नका हो." "खोत, किती ती हाव, सावकाश गिळा." अहोजाहोशिवाय बोलत नसे, त्यामुळे माणसाला तक्रारीला जागा नव्हती. दूध घालायला येणारी बाई एकदा हसता हसता गडग्यावर टेकली. मी मात्र चेहरा गंभीर ठेवला.

चार दिवसांनी भाऊजी गडग्याशी आले. "कसला गो हा कुत्रा?"

"कलमी आहे, भाऊजी. खुंट डॅशहाउंडचा, काडी पूडलची."

"कलम वेगळं नि संकर वेगळा. उगाच कायतरी बोलू नको."

"वेगळाच. पण तुमचा एकूण एक हापूस रायवळाच्या मुळावर उभा आहे, तेवढं विसरू नका."

आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. रायवळाच्या रोपावरच हापूसची काडी बांधतात, हे त्यांना मी सांगायला नको होतं. ते आत निघून गेले. त्या दिवशी मी फक्त माझ्यासाठी घावणे केले आणि गरम गरम खाल्ले.

पुढे खोतांनी गडग्याखालून बीळ पाडलं आणि पलीकडे पिशव्यांत भरलेली कोयकलमं उपटून अंगणभर टाकली. अल्सेशियन ओटीवर बसून बघत होता. भाऊजींचा अंगणातला चहा बंद झाला. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हे सगळं मी लेकीला फोनवर रंगवून सांगितलं. ती हसेल अशी माझी खात्री होती.

"हे मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच केलं ना गो."

"त्या दिवशी ते बोलले, आणि तू तुपाचं भांडं घेऊन पुढे आलीस. माझ्या मोदकावर तूप घातलंस आणि म्हणालीस, जेव गो, गार होतंय."

वर पंगतीबद्दल लिहिताना मी हे गाळलं, कबूल आहे.

सकाळी कुत्र्याला बांधून ठेवलं आणि भाऊजींच्या अंगणात गेले. ते नव्या पिशव्यांत माती भरत होते. मी म्हटलं, "या चतुर्थीला माझी लेक आणि जावई याच बेड्यातून येतील. अडवायचं असेल तर आधी मला अडवा."

त्यांनी मान वर केली नाही. "येऊदेत की. मी काय काठी घेऊन उभा राहणार होतो? त्या दिवशी मी बोललो नि तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू एक शब्द बोलली असतीस तर मी गप झालो असतो. तू वाढीत राहिलीस. मला वाटलं, तुलाही तो मुलगा नकोच आहे, फक्त वाईटपणा मी घ्यावा असं तुझ्या मनात आहे."

खोटं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला तेव्हा तो मुलगा नको होता. हे लेकीने त्याच दिवशी ओळखलं, आणि या माणसानेही. लेक मला कधीतरी माफ करील. या माणसाला मात्र मी करणार नाही.