बाविसावा आठवडा

"तारीख सांग. नाव नंतर." समोर कोणीही येऊन बसलं की सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच असे. तारीख म्हणजे शेवटच्या पाळीची. मग त्या टेबलावरचं कॅलेंडर स्वतःकडे वळवायच्या आणि पेनच्या टोकाने आठवडे मोजायच्या. मोजून होईपर्यंत बाईच्या चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत. आधी चेहरा बघितला की मोजणी चुकते, असं त्यांचं म्हणणं.

लालबागमधल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी केसपेपर लिहायचो. माझी खिडकी आणि सिस्टरांची कुटुंब नियोजनाची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती. तुम्ही अशा ठिकाणी कधी बसला असाल, तर तुम्हाला माहीत असेल की प्लायवूडमधून सगळं ऐकू येतं आणि आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत दिवस काढावा लागतो. मी तशी एकोणीस वर्षं काढली.

एकदा माझगावच्या गोदीत कामाला असलेला एक गृहस्थ तणतणत आला. माझ्या सहीशिवाय बायकोला तांबी बसवलीच कशी, असं त्याचं म्हणणं होतं. सिस्टरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "दाढ काढलीत का कधी?" काढली होती. "तेव्हा बायकोची सही घेतली होती?" मग पाणी संपवून उठला आणि जाता जाता दाराजवळच्या डब्यातून निरोधची दोन पाकिटं घेऊन गेला.

औषधांच्या दुकानदारांशी मात्र त्यांचं एवढं सोपं नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी गर्भपाताच्या गोळ्या कोणी ठेवत नसे. तपासणी येते, कागद मागतात, नको तो ताप, असं सगळे सांगायचे. एका बाईला तीन दुकानांनी परत पाठवलं, तेव्हा सिस्टर जेवणाच्या सुट्टीत स्वतः निघाल्या. ठाकूरद्वारला ओळखीच्या दुकानात गोळ्या मिळाल्या. परत आल्या तेव्हा सुट्टी संपली होती. डबा तसाच घरी गेला.

मग गर्भपाताचा कायदा बदलला. त्या दिवशी त्या परिपत्रक घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. "भाऊ, हे बघा. विवाहित स्त्री आणि तिचा नवरा, हे गेलं. आता स्त्री आणि तिचा जोडीदार." त्यांनी मला चहा पाजला. काही कारणांसाठी मुदतही विसावरून चोवीस आठवड्यांवर गेली होती. ती कारणं कोणती, याची यादी खाली दिली होती. ती आम्ही दोघांनीही त्या दिवशी नीट वाचली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती मुलगी आली. तेविशीची असेल. परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला. आईवडील मूळचे मालवणकडचे, वडील पूर्वी गिरणीत होते. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ज्याच्याशी ठरलं होतं तो फोन उचलत नव्हता. तिने तारीख सांगितली. पलीकडे कॅलेंडर वळवल्याचा आवाज आला. मग सिस्टर म्हणाल्या, "बाविसावा लागलाय."

आमच्याकडे एवढ्या पुढचं होत नसे. सिस्टर तिला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेल्या. तिथे त्यांनी यादी दाखवली. विधवा चालेल, घटस्फोट झालेली चालेल. लग्नच न झालेली बाई यादीत नव्हती. सिस्टरांनी जोडीदार हा शब्द दाखवला. तिथले डॉक्टर म्हणाले की तो शब्द वीस आठवड्यांपर्यंतचा आहे. पुढे हवं असेल तर कोर्टात जा.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे सिस्टर तिला एका वकीलबाईंचा नंबर देत होत्या. नाव कुठे येत नाही, पैसे लागत नाहीत, हे दोनदा सांगितलं. मुलगी म्हणाली, कोर्ट म्हटलं की बाबांना कळणारच. सोमवारी सांगते.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. सिस्टर कोणाच्या घरी कधी जात नसत. दारात नर्स उभी राहिली की शेजारपाजार हिशोब लावतो, हे त्यांना ठाऊक होतं. तिच्याही घरी त्या गेल्या नाहीत. केसपेपरवरचा पत्ता माझ्याच अक्षरात होता. मीही गेलो नाही.

काही आठवड्यांनी मोठ्या कोर्टाचा निकाल आला. लग्न झालेलं नसलं तरी चोवीस आठवड्यांपर्यंत हक्क आहे, असं कोर्टाने सांगितलं होतं. मला वाटलं सिस्टर खिडकीशी येतील. त्या आल्या नाहीत. पेपर घडी करून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

दीड वर्षाने मुलगी परत आली. दिवस राहू नयेत म्हणून देतात ती तीन महिन्यांची सुई हवी होती. मी केसपेपर केला. तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं, आणि आम्ही दोघांनीही ते दाखवलं नाही. भिंतीपलीकडे तिने सांगितलं की आत्याकडे गावी बाळंतपण झालं. मुलगा होता. संस्थेत दिला. मग तिने विचारलं, "आता झालं असतं का?"

खोटं बोलायला जागा होती. मी असतो तर बोललो असतो.

"झालं असतं," सिस्टर म्हणाल्या.

"किती दिवसांनी चुकलं?"

"तुझे चोवीस भरले, त्यानंतर अकराव्या दिवशी निकाल आला."

म्हणजे त्यांनी मोजलं होतं. नंतर कापसाची बरणी उघडल्याचा आवाज आला. त्यानंतर दर तीन महिन्यांनी ती येत राहिली. आत दोघी फारसं बोलत नसत. सुई व्हायची, पुढची तारीख ठरायची.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा नारळ आणि शाल झाली. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, बाहेर बायका थांबल्यात. खोली बंद करताना मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, सतरा तारखेला ती येईल. तिला काही विचारायला लावू नका."

त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दुसऱ्या केंद्रातली एक सिस्टर आठवड्यातून दोनदा येते. सतरा तारीख तिच्या दिवसात बसत नव्हती. मी तिला दोनदा फोन करून बोलावून घेतलं. मुलगी आली. दारातून सिस्टरांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघितलं, सुई घेतली आणि गेली.

संध्याकाळी मी सिस्टरांना फोन लावला. ती येऊन गेली, म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं फोन ठेवतील.

"नवीन सिस्टरचा हात कसा आहे? दुखलं नाही ना तिला?"

मी म्हटलं, मी विचारलं नाही.