साडूंना न ओळखता आलेला आवाज

देवाने कान सगळ्यांनाच दिले, पण ते वापरायची अक्कल एकट्या आमच्या थोरल्या साडूंना दिली, असं मी आजही चारचौघांत छातीठोकपणे सांगतो. कोराडीच्या वीजकेंद्रात यंत्रांच्या घरघरीत उभी हयात काढलेला माणूस निवृत्तीपर्यंत बहिरा व्हायचा. हे उलट तिखट कानांचे झाले. जेवताना घास हातात धरून "शेजारच्यांचा कुकर गळून राहिला," म्हणत, आणि माझी मेव्हणी मुकाट्याने शेजारी निरोप द्यायला उठे. जंगलात तर विचारूच नका. दर हिवाळ्यात आम्ही पारशिवनीच्या पुढे, त्यांच्या मित्राच्या शेताला लागून तंबू ठोकतो आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजतो. झुडपात काही वाजलं की आम्ही झुडपाकडे न बघता साडूंच्या तोंडाकडे बघतो. "भेकर. घसा बसला त्याचा." इतकं सविस्तर. एकदा मी गाडीत शिरून काचा लावून घेतल्या, तेव्हा म्हणाले, "काहून घाबरून राहिला गा? रातवा आहे, पाखरू." मला थंडी वाजत होती, असं मी सांगितलं.

मागच्या हिवाळ्यात साडूंचा नवा जावई सोबत होता, मिहानमधल्या एका कंपनीत इंजिनिअर. सासऱ्यांच्या कानांचे किस्से ऐकवून आम्ही त्याला लग्नाआधीच बेजार केलं होतं. तो नम्रपणे हसे, आणि ते हसू साडूंना लागे. म्हणून त्या दिवशी ते नवा स्वेटर घालून आले होते. दिवस बुडताना रोडगे निखाऱ्यात गेले आणि त्यांची पोरगी बादली घेऊन नाल्याकडे निघाली. तेवढ्यात नाल्याकडूनच आवाज आला. रिकामा ड्रम दगडावरून ओढावा आणि शेवटी तान्ह्या बाळाने शिंकावं, तसा. पोरगी थांबली. बापाच्या एका शब्दावर ती लहानपणापासून अंधारात शिरत आलेली. "बाबा, कोण आहे?" तिने विचारलं. जावई सासऱ्यांकडे बघू लागला. साडूंनी नुसतं 'सांबर' म्हटलं असतं, तरी त्यांना खोटं पाडणारं तिथे कोणी नव्हतं. त्यांनी हात कानामागे नेला. आवाज पुन्हा आला.

"मले नाही समजलं," ते म्हणाले. "बादली ठेव, बेटा. जाऊ नको."

हे वाक्य आमच्या गोतावळ्याने त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी अर्थातच सगळ्यांच्या आधी गाडीत होतो. कच्चेपक्के रोडगे टॉवेलात बांधून आम्ही परत निघालो. साडू नव्या स्वेटरात अंग चोरून बसले. वाटेत जावई म्हणाला, "बाबा, आजवर तुमचं सांगणं मी अर्धंच धरत होतो. आता सगळं धरतो." साडूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. माझी छाती मात्र अशी फुगली, जणू तो आवाज मीच ओळखला नव्हता.

हल्ली संध्याकाळी आम्ही त्यांच्या गच्चीवर बसतो. खालून कोळशाचे ट्रक जातात. मधेच ते हात कानामागे नेऊन पारशिवनीकडे मान वळवतात. "कोण असन गा तो?" मला विचारतात. मला, मांजरीला दचकणाऱ्या माणसाला. मीही हात कानामागे नेतो, नीट ऐकतो आणि म्हणतो, "मलेही नाही समजलं, भाऊ."

मग ट्रक जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहतो.